रिकाम्या टाकीचा घास

३ ऑक्टोबर

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने सामान उतरवताना खुर्चीचा पाय मोडला, वर चहापाण्याचे मागून घेतले. पण आज कशाचाच राग यायचा नाही असं मी ठरवलंय. घर बैठं आहे, उजेड भरपूर, शेजारी शांत. आणि स्वयंपाकघराच्या मागे ती खोली. पूर्वी कपडे धुवायची असणार. उताराची फरशी, कोपऱ्यात मोरी, नळ, आणि एक भिंत थेट बाहेरच्या खोलीशी सामाईक, तिच्याच कोपऱ्यात मागच्या अंगणात उघडणारी खिडकी. मी दारातच थांबून ताईला म्हणालो, हीच ती! कित्येक वर्षं हिचीच वाट बघत होतो! ताईने दचकून रस्त्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मला अखेर कोणी मुलगी पसंत पडली.

भाड्याच्या घरांत मालकांनी साधा खिळा ठोकू दिला नाही, तिथे समुद्र कुठून ठेवणार? आता घर आमचं आहे. खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात प्रवाळ, प्रवाळात बोटभर लांबीचे मासे, आणि मागच्या खोलीत सगळी यंत्रं.

उद्यापासून नव्या हॉस्पिटलात रुजू. डायलिसिसचा विभाग मोठा आहे म्हणतात. दिवसभर माणसांचं रक्त गाळायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पाणी. ताई म्हणते, देवाने मुळात गाळणीच करायला घेतली होती, मध्येच विचार बदलून बेडक्याला केलं. बेडक्या म्हणजे मी. पन्नाशी आली तरी ती हे नाव सोडत नाही.

८ ऑक्टोबर

प्लंबर बोलतो जास्त, मोजतो कमी. तरी काम नेटकं झालं, कारण मी त्याच्या डोक्यावर उभा होतो. भिंतीला चौकोन पाडून टाकी बसवली. बाहेरच्या खोलीतून नुसती काच दिसते, एखाद्या खिडकीइतकी. बाकी सगळा संसार मागे. वरच्या टाकीतलं पाणी पाइपाने खालच्या टाकीत उतरतं, तिथे फेस काढणारं यंत्र त्यातली घाण खेचून घेतं, आणि पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. शेजारी पाण्याचा फिल्टर आणि मीठ कालवायचं निळं पिंप. प्रत्येक वायर मी खाली झोळ देऊन वर घेतली, म्हणजे पाणी ओघळलंच तर फरशीवर पडेल, प्लगात जाणार नाही. प्रत्येक व्हॉल्ववर चिठ्ठी. असली खोली आमच्या हॉस्पिटलातसुद्धा नाही!

बोटभर माशांसाठी एवढं, हे ऐकून प्लंबर हसत सुटला. म्हणाला, माझ्या आईचीपण एवढी सेवा होत नाही. मी म्हणालो, पाठवा आमच्या विभागात, तिचीही करू. त्याला विनोद कळला नाही.

मिठाची पोती बघून ताई म्हणाली, घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. पण पिंपातलं पाणी ढवळायला तीच पुढे. ढवळलं आणि बोट बुडवून चाखलंही. म्हणे, चवीला जरा कमीच आहे. मी खारेपणा मोजायच्या नळीत थेंब टाकून तिला आकडा दाखवला. समुद्राला हजारात पस्तीस लागतो, आपल्याला पस्तीसच आलाय. आणि माणसाला किती, तिने विचारलं. म्हटलं, नऊ. सलाइनच्या बाटलीत तेवढंच मीठ असतं. तिला ते फारच कमी वाटलं.

१४ ऑक्टोबर

पाणी भरलं, पंप सुरू. आवाज असा मऊ की शेजारी बसून डुलकी लागावी.

आत फक्त वाळू आणि खडक. खडक मी मुद्दाम वाळलेले घेतले. ओल्या खडकांतून किडे, खेकडे, नको ते पाहुणे येतात. हे पांढरेफटक, ठणठणीत कोरडे, शिवाय तीनदा घासून धुतलेले. टाकीत जिवंत म्हणावं असं काहीही नाही.

आता खरा धीराचा भाग. मासे लगेच सोडायचे नसतात. आधी रिकाम्या टाकीलाच रोज चिमूटभर खाऊ घालायचं. तो खाऊ कुजतो, अमोनिया वाढतो, मग तो पचवणारे जंतू तयार होतात, आणि अमोनिया शून्यावर आला की टाकी माशांजोगी झाली. माझी ड्यूटी लांबलचक, म्हणून खाऊ घालायचं काम ताईकडे. कोणीच नाही तिथे वाढायचं? तिने दोनदा विचारलं. रिकाम्या पाटावर वाढू नये रे, ती म्हणाली, कोणी ना कोणी येऊन बसतं. मी म्हणालो, आलं तर जंतूच येणार आहेत, त्यांनाच बोलावतोय. तिने खांदे उडवले.

२१ ऑक्टोबर

भांडण झालं. अमोनिया शून्य. पहिल्या दिवसापासून शून्य! खाऊ पडला तर कुजणार, कुजला तर अमोनिया वाढणार. वाढला नाही, म्हणजे पडलाच नाही. ताईला विचारलं तर आधी फुरंगटली, मग बोलली. तो डब्यातला खाऊ तिने पहिल्याच दिवशी फेकला. वैऱ्याच्या मांजरालाही असलं घाणेरडं घालणार नाही म्हणे. मग काय घालतेस? तर आपल्या ताटातला घास. दुपारी एकटीला जेवण जात नाही, म्हणून ती स्टूल घेऊन मागच्या खोलीत बसते, पहिला घास टाकीत टाकते, ये, जेव, असं म्हणते, आणि मग आपण जेवते.

मी कपाळाला हात लावला. तेल, मसाला, भात! माझ्या पस्तीसच्या पाण्यात! नाही नाही ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, जाऊन पाणी बघ.

पाहिलं. तेलाचा तवंग नाही. एक शीत नाही. इतकं नितळ पाणी मी आमच्या फिल्टरखालीही पाहिलेलं नाही.

२३ ऑक्टोबर

सुट्टी होती. ताईच्या शेजारी उभा राहून डोळ्यांनी पाहिलं. तिने भाताचा घास सोडला. तो बुडत बुडत मोठ्या खडकाच्या मागे गेला आणि तळाला पोचलाच नाही.

पंप बंद न करता एकेक खडक उचलून बाहेर काढला. खांद्यापर्यंत भिजलो. वाळू चाळली. पांढरी वाळू, पांढरा खडक, काच. ताई हसून म्हणाली, आता तूच आत उतर बेडक्या, म्हणजे टाकीला भाडेकरू मिळेल. मीही हसलो. पण खडक परत रचताना एकेक उलटून पाहिला.

२७ ऑक्टोबर

ताईची भूक वाढलीय. आधी वाटलं, नव्या गावचं पाणी मानवलं. पण काल तिने चार अंडी, दोनदा भात खाल्ला आणि उठून पुन्हा फडताळापाशी उभी राहिली. आणि अंगाला काही लागत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मनगट धरलं तर माझी बोटं एकमेकांवर आली.

मी सांगितलं, टाकीला घास बंद. अगदी बंद. ती म्हणाली बरं. इतक्या पटकन ती कधीच बरं म्हणत नाही.

२९ ऑक्टोबर

सकाळी ताई उठेना. हाक मारली तर डोळे उघडले, मला ओळखलं, पण मान उचलता येईना. रिक्षात घालून आमच्याच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. सगळं ठीक, रक्तात मीठ जरा जास्त, पाणी प्यायला लावा, बस.

घरी आणलं. मला धरून चालत होती. स्वयंपाकघरात शिरताच माझा हात सोडला, ताटात भात घेतला आणि भिंत धरत धरत मागच्या खोलीत गेली. मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नको, अजून कळत नाही. तिने घास टाकला. तो खडकामागे गेला. आणि तिच्या गालांवर रंग आला. माझ्या समोर, दिवा लागावा तसा. म्हणाली, बघतोस काय, चहा टाक.

३१ ऑक्टोबर

ठरवलं, टाकीच रिकामी करून टाकू. पाइप मोरीत सोडला. ताई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती, दारातून दिसत होती.

पाणी हातभर उतरलं आणि ताईला जांभई आली. मग दुसरी. तिसरी. मग ती वाकून पोटऱ्या चोळायला लागली.

मी हे रोज बघतो. मशीन माणसाच्या अंगातलं पाणी भराभर खेचायला लागलं की असंच होतं. आधी जांभया, मग पोटऱ्यांत गोळे, मग प्रेशर पडतं. सुरी तिच्या हातातून पडली. ती ओट्याला टेकून खाली सरकली, ओठ पांढरे.

पाइप उपटला. पिंपातलं खारं पाणी बादल्या बादल्यांनी टाकीत ओतलं, ओरडत ओतलं, काय ओरडत होतो आठवत नाही. पाणी खुणेला लागलं तेव्हा ती उठून बसली. म्हणाली, भाजी करपली का रे.

भाजी चुलीवर चढलीच नव्हती.

१ नोव्हेंबर

कांदा चिरताना ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. थेंब बोटावर घेतला, नळीत टाकला.

पस्तीस.

काच पुसून पुन्हा बघितलं. माझ्या डोळ्यांतलं घेऊन बघितलं. तेव्हा ते पुरेसं येतच होतं. माझं नऊ. तिचं पस्तीस.

३ नोव्हेंबर

पंपात वाळूचा कण अडकला होता, खरखर करत होता. साफ करायला क्षणभर बंद केला. ताई दारात उभी राहून सांगत होती, दूधवाला आज म्हणाला की उद्यापासून

आणि थांबली. तोंड उघडं. हात वर तसाच. पापणी हलेना. छाती हलेना.

बटण दाबलं.

येणार नाही, ती म्हणाली. मग मला विचारलं, तुझा चेहरा असा का झालाय?

काही नाही म्हणालो. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. हिने मला वाढवलं. कमी पडलं की आपलं ताट माझ्याकडे सरकवायची आणि म्हणायची, मला भूक नाही. तिला काही झालं तर मी काय करू?

४ नोव्हेंबर

दुपारी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. घाबरली, पण माझ्यासाठी. म्हणाली, वीज गेली तर? दोन बॅटऱ्या आणून जोडल्या.

पंप कायमचा बंद केला तर पाणी मरेल, आत जे आहे ते मरेल. त्याला बांधलेलं माणूसही मरेल. चालू ठेवला तर ते तिला खात राहील. आता एका घासाने त्याचं भागत नाही. अख्खं ताट लागतं. ताटात तिने आधी हात घातलेला असला तरच घेतं. मी वाढलेलं तसंच पडून राहिलं.

प्लंबर आला होता, पैसे राहिलेत म्हणून. टाकीपाशीच डबा उघडून बसला. मी त्याच्या हातातल्या घासाकडे बघत होतो. टाका की एक आत, गंमत म्हणून, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली होती.

त्याने आईचा विषय काढला. मी त्याला पैसे देऊन घालवून दिलं.

६ नोव्हेंबर

आमच्या विभागाचा पहिला नियम. एका मशीनवर एका वेळी एकच पेशंट.

ताई झोपली होती. ताट वाढून घेतलं. पहिला घास मी खाल्ला, दुसरा त्याच ताटातून टाकीत. आणि मी म्हणालो. ते दोन शब्द. ये. जेव.

परवा मी वाढताना ते दोन शब्द म्हटले नव्हते. आणि ते ताट कोणाच्याच जेवणाचं नव्हतं. आजचं माझं.

गेला. खडकामागे गेला आणि तळाला पोचला नाही.

दुपारी ताईने आपला टाकला. वाळूवर पडून राहिला. फुगला. संध्याकाळी अमोनिया चढला! देवा, मी त्या तपासणीच्या पट्टीचं चुंबन घेतलं. ज्याचा घास ते शेवटचा घेतं, त्याचंच ते होऊन जातं. ताईच्या डोळ्यांतलं पाणी अकरा. उतरतंय.

खूप भूक लागलीय.

७ नोव्हेंबर

ताई नऊ.

बांगड्या मनगटावर राहतात. मला शिव्या घालत भांडी घासली. किती बरं वाटलं ऐकून.

तिला सांगितलेलं नाही. कळलं तर ती काय करेल ते मला ठाऊक आहे. ताट सरकवेल.

ड्यूटीवर गेलो नाही. दाराची पायरीही उतरवेना. पट्ट्याला नवं भोक पाडलं.

मी पस्तीस.

८ नोव्हेंबर

खात्री करायला हवी होती. ताईला समोर उभं केलं, पंप बंद केला.

ती म्हणते ती बोलतच होती. मीच थांबलो. बटणावर हात, तोंड उघडं. तिने हाका मारल्या, हलवलं. मग तिनेच बटण दाबलं.

मला काहीच आठवत नाही. मी बटण दाबलं आणि ती खोलीच्या त्या टोकाला होती ती एकदम माझ्या अंगावर, रडत.

तिला कळलं. तिने तांदूळ धुवायला घेतले.

९ नोव्हेंबर

मागच्या खोलीला आतून कडी. पिंपाच्या झाकणावर वही. पोटऱ्यांत गोळे. जांभया —

तिने ताट वाढलंय. दारापलीकडून म्हणते, उघड. म्हणते, मी म्हातारी झाले, माझं काय राहिलंय. म्हणते, मला भूक नाही. चाळीस वर्षं तेच खोटं —

मी म्हणालो ताई, जा. पाया पडतो. जा.

दार हलवतेय. कडी धरून आहे अजून.

काल रात्रीपासून ते तळाला दिसतं. दिसतं म्हणजे, पाणी तिथे जास्त जाड आहे. खडकाएवढं. काचेकडे तोंड करून. दाराकडे. ती बोलली की तिकडे वळतं.

त्या दिवशी माझ्या घासाने ते भरलेलं होतं; कालपासून मी काही टाकलं नाही, ते उपाशी आहे, आता तिचा घास पडला तर पुन्हा ती. मग मी पुन्हा. मग ती. ते दोघांना पुरवून खाणार. त्याला तेच हवंय.

तिच्या ताटातला घास पडायच्या आत पंप बंद. पाणी मेलं तर ते मेलं. ते आत्ता फक्त माझं आहे. हिशेब सोपा. एक मशीन, एक —

बॅटऱ्या सोडवल्या. बोटं चालत नाहीत. एकच बटण उरलं.

शांत झाली. गेली वाटतं. नाही. मागच्या अंगणात स्टूल ओढल्याचा आवाज. खिडकी. टाकीलगतची खिडकी मी —

हात आत आलाय. बांगड्या. ताट. बेडक्या म्हणतेय. लहानपणी म्हणायची तसं. बेडक्या, बाजूला हो —

ताई, नको. मी बटण बं